चिथावणी ओळखायला शिकवणारे चार रविवार

फोंडा शहरातील एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर भरणारा चार रविवारांचा एक वर्ग मी नुकताच पूर्ण केला. समाजमाध्यमांवरील द्वेषाच्या मजकुरातून हिंसेला चिथावणी कशी मिळते, ती वेळीच कशी ओळखावी आणि ओळखल्यावर सामान्य माणसाने नेमके काय करावे, हा त्याचा विषय. शुल्क ४०० रुपये, त्यातच एक छापील पुस्तिका आणि मधल्या वेळचा चहा. वेळ सकाळी दहा ते एक. शिकवणारे दोघे होते, एक तरुण वकील बाई आणि एक निवृत्त पत्रकार. माझे मत आधीच सांगते: ज्यांच्याकडे वाड्याच्या (म्हणजे गावातल्या वस्तीच्या), देवस्थानाच्या, शाळेच्या पालकांच्या किंवा क्रीडामंडळाच्या एखाद्या मोठ्या गटाची जबाबदारी आहे, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा. त्यात काही उणिवा आहेत आणि त्यांतल्या दोन गंभीर आहेत, तरीही करावा.

मी तिकडे वळले त्याला एक कारण घडले होते. मी निवृत्त शिक्षिका असून आमच्या वाड्याच्या व्हॉट्सॲप गटाची एक ॲडमिन आहे. गेल्या पावसाळ्यात, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पंधरा दिवस उरले असताना, एका दुपारी गटात एक ध्वनिमुद्रित संदेश आला. घाबऱ्या आवाजातील एक बाई सांगत होती, "भुरगीं व्हरपी आयल्यात," म्हणजे मुले पळवणारे आले आहेत, चादरी विकण्याच्या निमित्ताने फिरतात, दिसले तर सोडू नका. त्याच वेळी आमच्या रस्त्यावर सायकलला चादरींचे गाठोडे बांधलेला एक माणूस खरोखरच फिरत होता. अर्ध्या तासात त्याला बसथांब्यापाशी वीसपंचवीस जणांनी घेरले, कोणीतरी गाठोडे ओढून चिखलात टाकले, कोणीतरी त्याच्या कॉलरला हात घातला. मी गॅलरीतून हे पाहत होते आणि माझ्या हातात तोच संदेश उघडलेला फोन होता. संदेश खोटा असावा असे मला वाटत होते, पण मी गटात एक अक्षरही लिहिले नाही. शेवटी संध्याकाळची फेरी मारणारा पोदेर, म्हणजे पाववाला, तिथे पोहोचला, पावाची टोपली तशीच सायकलवर ठेवून गर्दीत शिरला आणि एवढेच म्हणाला, "हाका हांव वळखतां," म्हणजे याला मी ओळखतो. गर्दी विरली. चादरीवाला गाठोडे उचलून, न धुताच, निघून गेला. त्या चाळीस मिनिटांतील माझे गप्प बसणे मला अजून सलते, आणि या वर्गाचे मोल मी त्या सलण्याच्या मापाने करते आहे हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पहिल्या रविवारी सुरुवात झाली ती रईनपाड्यापासून. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या या गावात १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते, सगळे भटक्या समाजाचे होते, आणि आपण कोण आहोत हे सांगणारा त्यांच्या ओळखीचा माणूस त्या गावात नव्हता. त्या काळात फिरत असलेली एक चित्रफीत आम्हाला दाखवण्यात आली. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तिच्यात दिसते. ती मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती, आणि मूळ फितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात व संदेशाचा फलक दाखवतात. तो शेवट कापून टाकला की तीच फीत माणसे मारणारी ठरते. मला त्या दिवशी प्रथमच कळले की धोकादायक मजकुरात शिवी असावीच लागते असे नाही. आमच्या वाड्यात आलेल्या संदेशात एकही अपशब्द नव्हता. उलट मुलांच्या काळजीने ओथंबलेला तो आवाज होता, आणि म्हणूनच तो थेट काळजाला भिडला.

वर्गाचा गाभा असलेली मांडणी अमेरिकेतील अभ्यासक सुझन बेनेश यांची आहे. त्या द्वेषाच्या भाषणापेक्षा 'धोकादायक भाषण' या कल्पनेवर भर देतात: ज्या बोलण्यामुळे, लिहिण्यामुळे किंवा चित्रामुळे ऐकणारे लोक दुसऱ्या गटावरील हिंसा योग्य मानू लागतील किंवा स्वतः तीत उतरतील अशी शक्यता वाढते, ते धोकादायक. म्हणून तपासायचे असते ते केवळ वाक्य नव्हे. कोण बोलतो आहे आणि त्याचा शब्द ऐकणारे किती मानतात, ऐकणारे आधीच किती भ्यालेले वा चिडलेले आहेत, आजूबाजूला निवडणूक, दंगल, जमिनीचा तंटा किंवा अपहरणाची वावडी असे काही पेटते आहे का, आणि मजकूर कोणत्या वाटेने पोहोचतो आहे, हे सगळे मिळून धोका ठरतो. एकच वाक्य एका गावात हवेत विरते आणि दुसऱ्या गावात घर पेटवते.

या मांडणीतील खुणा शिकवताना रवांडाचे उदाहरण घेतले गेले, आणि ते वरवर उरकले नाही याबद्दल मी शिकवणाऱ्यांची ऋणी आहे. १९९४ मध्ये तिथे सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य तुत्सी समाजाचे होते. 'आरटीएलएम' हे रेडिओ केंद्र त्याआधीपासून तुत्सींना झुरळे म्हणत होते आणि हत्याकांड सुरू झाल्यावर माणसांची नावे व ठिकाणे सांगत होते. माणूस झुरळ ठरला की त्याला मारणे म्हणजे साफसफाई वाटू लागते. प्रत्यक्ष कत्तलीला तर 'काम' असा साधा शब्द वापरला जाई. दुसरी खूण म्हणजे आरशातला आरोप: आपण जे करू इच्छितो तेच समोरचा आपल्याबाबत करणार आहे असे सांगायचे, म्हणजे हल्ला हा बचाव वाटतो. या प्रचाराबद्दल तिघांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये दोषी ठरवले. बाकीच्या खुणा आपल्याकडे रोज दिसतात. आपल्या बायकामुलींवर संकट आले आहे अशी हाकाटी असते, आपले रक्त, पाणी किंवा भूमी विटाळली जात असल्याची भीती असते, आणि जो सामील होत नाही तो आपल्यातला गद्दार असा शिक्काही असतो.

दुसऱ्या रविवारचा सराव मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण तो गोव्याच्या मातीतला होता. आम्हाला तीन कागद दिले गेले आणि तिन्हींत 'घाटी' हा शब्द होता. पहिल्यावर घाटी मसाल्याची पाककृती होती. दुसऱ्यावर एका गृहस्थाने वाहतूक कोंडीबद्दल चिडून लिहिलेला मजकूर होता, की हे घाटी आले आणि गोव्याची शिस्त बिघडली. तिसऱ्यावर एका विशिष्ट वस्तीचे नाव देऊन लिहिले होते की तिथले घाटी रात्री बायकांच्या मागे येतात, पंचायत काही करत नाही, तेव्हा शनिवारी सगळ्यांनी मिळून 'स्वच्छता मोहीम' काढावी. सह्याद्रीपलीकडून आलेल्यांना, आणि सैलपणे बाहेरून आलेल्या कुणालाही, गोव्यात हा शब्द चिकटतो. माझे माहेर सावंतवाडीकडचे असल्यामुळे मलाही तो लग्नानंतर पहिली काही वर्षे ऐकावा लागला होता, आणि म्हणून माझा हात आपोआप दुसऱ्या कागदाकडे गेला. तो मला सर्वांत अपमानास्पद वाटला. वकील बाईंनी शांतपणे विचारले, "बाई, तुम्हाला दुखवणारा कागद कोणता आणि माणसाला जखमी करणारा कागद कोणता?" दुसऱ्या कागदात पूर्वग्रह होता, त्याला उत्तर द्यायला हवेच होते, पण तिसऱ्यात ठिकाण होते, दिवस होता, बायकांची ढाल होती आणि मारहाणीला दिलेले सोज्ज्वळ नाव होते. स्वतःचा अपमान आणि दुसऱ्याचा धोका या दोन गोष्टी मी आयुष्यभर एकाच तराजूत तोलत आले होते.

त्यानंतर प्रत्येकाने आपल्याच फोनमधील, आपण स्वतः पुढे पाठवलेला एक संदेश तपासायचा होता. मी मराठीची कट्टर कैवारी आहे आणि ते लपवण्याचे मला कारण नाही. राजभाषेच्या वादावर मी दोन वर्षांपूर्वी पुढे ढकललेल्या एका संदेशात कोकणीसोबत मराठीही शिकवणाऱ्या पण मराठी राजभाषेच्या मागणीवर सही न करणाऱ्या शिक्षकांना 'घरभेदी' म्हटले होते आणि त्यांना 'ओळखून ठेवा' असे सांगितले होते. त्यातल्या काही शिक्षकांना मी नावाने ओळखते. डिसेंबर १९८६ मध्ये याच प्रश्नावर गोव्यात दंगली झाल्या, माणसांचे जीव गेले, आणि मग ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा संमत झाला. ते दिवस मी पाहिले आहेत. तेव्हा हातात फोन नव्हते. पत्रके, सभा आणि वर्तमानपत्रांतील मथळे यांनीच तेवढे भागले होते. हे सगळे माहीत असूनही मी 'ओळखून ठेवा' हे दोन शब्द वाचून पुढे पाठवले होते. माझी मागणी मी सोडलेली नाही, पण तो संदेश त्या वर्गातच पुसला आणि दोन शिक्षकांना फोन केला.

तिसरा रविवार कायद्याचा होता आणि तो मला सर्वांत अपुरा वाटला. माहिती बरोबर होती. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम १५३अ (गटागटांत वैर पसरवणे) आणि ५०५ (चिथावणीखोर विधाने व अफवा) यांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे कलम १९६ आणि ३५३ यांनी घेतली आहे. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन आक्षेपार्ह संदेशांना शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी यांत फरक केला, आणि पहिल्या दोन्ही गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे असे सांगितले. २८ एप्रिल २०२३ रोजी त्याच न्यायालयाने द्वेषमूलक भाषणांबाबत तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवण्याचा आदेश सर्व राज्यांना लागू केला. ॲडमिन मंडळींच्या जिवाला लागलेला प्रश्न म्हणजे गटातील दुसऱ्याच्या संदेशाबद्दल आपल्याला पकडतील का. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निर्णय सांगितला गेला, की समान हेतू किंवा आधी आखलेला बेत नसेल तर केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी दोषी ठरत नाही. गोवा याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येत असल्याने हे ऐकून खोलीतील अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला.

पण कलमांची यादी सांगून झाल्यावर पोलीस ठाण्यात नेमके काय लिहून द्यायचे, याचा एकही नमुना आमच्या हाती पडला नाही. मी स्वतः एका समाजमाध्यमाकडे अशाच एका मजकुराची तक्रार केली होती आणि तो आमच्या नियमांविरुद्ध नाही असे ठरावीक उत्तर मला मिळाले होते. अशा वेळी पुढे कोणाकडे जायचे, हे मला या वर्गात सविस्तर हवे होते. केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे तीस दिवसांत दाद मागता येते, एवढे एका वाक्यात सांगून विषय पुढे गेला. ही पहिली गंभीर उणीव. पुराव्याचा भाग मात्र नेटका होता: संदेश पुसण्याआधी पाठवणाऱ्याचा क्रमांक, गटाचे नाव, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, फीत असेल तर ती मूळ रूपात जतन करावी, आणि तो मजकूर 'बघा काय चालले आहे' म्हणून इतर गटांत कदापि फिरवू नये. व्हॉट्सॲपवर २०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी पुसता येतो, हे मला तोवर माहीतच नव्हते, आणि खोलीतील निम्म्यांनाही नव्हते.

चौथा रविवार उत्तर देण्याचा. इथे शिकवणाऱ्यांनी प्रथम आमच्याकडून त्या चादरीवाल्याच्या संदेशाला उत्तरे लिहवून घेतली. मी लिहिले, "असल्या अफवा पसरवणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे, सुशिक्षित म्हणवता आणि काहीही खरे मानता." पत्रकार गृहस्थांनी ते फळ्यावर लिहिले आणि विचारले की हे वाचून बसथांब्यावरचा माणूस कॉलर सोडील का. सोडणार नाही, हे मलाच दिसत होते. माझे उत्तर संदेश पाठवणाऱ्या शेजाऱ्याला उद्देशून होते आणि त्याला खाली पाडण्यासाठी लिहिले होते; गटातील जे दोनशे लोक काही न लिहिता वाचत होते आणि चप्पल पायात घालावी की नाही हे ठरवत होते, त्यांच्यासाठी त्यात काहीच नव्हते. दुसऱ्या प्रयत्नात मी लिहिले: "मी आत्ताच पोलीस ठाण्यात फोन करून विचारले. आपल्या किंवा शेजारच्या गावातील एकही मूल हरवल्याची तक्रार नाही. चादरीवाले काका दरवर्षी चवथीआधी येतात, मी स्वतः त्यांच्याकडून दोन चादरी घेतल्या आहेत. कोणीही कोणाला अडवू नका. शंका असेल तर ११२ वर फोन करा. बसथांब्यावर जे आहेत त्यांनी त्यांना सुखरूप जाऊ द्यावे." अफवेची वाक्ये त्यात पुन्हा उच्चारलेली नाहीत, कोणाला मूर्ख ठरवलेले नाही, आणि माणसाला 'विकणारा' न म्हणता 'काका' म्हटले आहे. मग माझ्या लक्षात आले की पोदेराने तीन शब्दांत हेच सारे केले होते. तो सगळ्यांच्या दारी रोज जाणारा, म्हणून त्याचा शब्द चालला. तो ताबडतोब बोलला, आणि जमावाला जो 'तो' होता त्याला त्याने 'माझ्या ओळखीचा' केला.

या पद्धतीला अनुभवाचा आधार आहे हे दाखवताना दोन दाखले दिले गेले. स्वीडनमधील पत्रकार मिना डेन्नर्ट यांनी २०१६ मध्ये 'मी इथे आहे' अशा अर्थाच्या नावाचा फेसबुक गट सुरू केला. त्यातील सदस्य द्वेषाने भरलेल्या चर्चांमध्ये एकत्र जाऊन सभ्य, माहितीपूर्ण प्रतिक्रिया लिहितात आणि एकमेकांच्या प्रतिक्रिया वर आणतात, त्यामुळे एकट्याने बोलण्याची भीती कमी होते. दुसरा दाखला २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील संशोधकांच्या प्रयोगाचा. वर्णद्वेषी मजकूर लिहिणाऱ्या १,३५० ट्विटर वापरकर्त्यांना वेगवेगळ्या प्रकारची उत्तरे देऊन पाहिली, तेव्हा ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्या दुःखाची जाणीव करून देणाऱ्या उत्तरांनी तसा मजकूर काहीसा घटला. विनोदाने किंवा परिणामांच्या इशाऱ्याने तसा सातत्याने फरक पडला नाही. परिणाम लहान होता, आणि तो लहान होता हे शिकवणाऱ्यांनी लपवले नाही, याचे मला समाधान वाटले. समोरून प्रत्यक्ष धमकी येत असेल, उत्तर देणाऱ्यालाच धोका असेल, किंवा जमाव जमलाच असेल, तर शब्दांत वेळ न घालवता आधी पोलिसांना कळवावे, हेही त्यांनी स्पष्टपणे बजावले.

दुसरी गंभीर उणीव भाषेची आहे. पुस्तिका मराठीत आहे, पण तिच्यातली पाने अनुवादासारखी वाचावी लागतात आणि घाटीचा सराव सोडला तर तीत गोवा जवळजवळ नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सांत फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती संताच्या जुन्या गोव्यातील शवप्रदर्शन सोहळ्याच्या तोंडावर, त्यांच्याबद्दलच्या एका वक्तव्यावरून मडगावात लोक रस्त्यावर उतरले होते. त्या दिवसांत दोन्ही बाजूंनी फिरलेल्या संदेशांवर एक अख्खा रविवार द्यायला हवा होता. आमच्याकडे राग रोमी कोकणीत लिहिला जातो, देवनागरी कोकणीत, मराठीत आणि हिंदीतही, आणि एका लिपीतील गटाला दुसऱ्या लिपीत काय शिजते आहे याचा पत्ता नसतो. आमच्या वीस जणांच्या वर्गात ख्रिस्ती बांधव दोन आणि मुसलमान भगिनी एकच होती. रविवारी सकाळी दहाची वेळ ठेवली की चर्चच्या मिसेला जाणारे येऊ शकत नाहीत, ही गोष्ट आयोजकांच्या लक्षात यायला हवी होती. मी ती त्यांना लेखी कळवली आहे.

वर्ग संपल्यावर तिसऱ्याच आठवड्यात गटात एक चित्रफीत आली. पळणारी माणसे, जळणारे दुकान, आणि खाली ओळ: मडगाव, आज सकाळी, एका समाजाचे नाव, आणि 'तयार राहा'. पाठवणारे आमच्या वाड्यातील एक आदरणीय आजोबा होते. शिकवल्याप्रमाणे मी फीत थांबवून थांबवून पाहिली. जळणाऱ्या दुकानाशेजारच्या पाटीवरील अक्षरे बंगाली होती. मडगावात राहणाऱ्या माझ्या भाचीला फोन करून तिथे सारे सुरळीत असल्याची खात्री केली, स्क्रीनशॉट घेतले आणि संदेश सर्वांसाठी पुसला. मग गटात लिहिले की फीत मडगावची नाही, पाटीवरील लिपी बंगाली आहे, भाची आत्ता तिथल्या बाजारात उभी आहे आणि दुकाने उघडी आहेत. आजोबांना गटात काही न बोलता मी त्यांच्या घरी गेले. ते रागावले होते, पाटी मोठी करून दाखवल्यावर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बाय, हें म्हाका जावयान धाडिल्लें." जावयाचा क्रमांक त्यांनीच लावून दिला.

पुढचा वर्ग चवथीनंतर आहे, आणि आयोजकांनी वेळ दुपारी तीनची केल्याचे कळवले आहे. आमच्या गटाच्या दुसऱ्या ॲडमिनचे नाव मी त्यांच्या संमतीने नोंदवले. चादरीवाल्याबद्दलचा तो ध्वनिमुद्रित संदेश आमच्या गटात सर्वांत आधी त्यांनीच टाकला होता.